वायफाय चिपसेटमध्येच असावं का? (एका अर्ध्या कार्डाची गोष्ट)

तंबोरा

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक लागली की पत्रकं. दुकानातलं मशीन एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं, तीन वर्षांपूर्वी जुळवून घेतलेलं. त्यात वायफाय नाही. आजवर राउटर टेबलावरच होता, वायरवर काम भागायचं. आता मुलीच्या बारावीपायी राउटर वरच्या मजल्यावर घरात गेला. वायर खाली आणायची तर स्लॅबला भोक पाडावं लागेल, आणि भोक हा शब्द काढला की आमच्या घरमालकांचं बीपी वाढतं.

मदरबोर्डवर वायफाय कार्डासाठी एक रिकामी खाच आहे. ऑनलाइन शोधलं तर इंटेलचं एएक्स२०० दिसलं आणि त्याच्याच शेजारी एएक्स२०१, थोडं स्वस्त. म्हटलं आकडा एकाने मोठा, म्हणजे नवीन असणार, आणि वर स्वस्त! मागवलं, बसवलं. स्क्रूसुद्धा बरोबर बसला. पण मशीनला त्याचा पत्ताच नाही. ड्रायव्हर टाकला, बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) चाळलं, कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. दोन रविवार गेले. शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या पोराने लेबल वाचलं आणि म्हणाला, "काका, हे अर्धंच कार्ड आहे. उरलेलं अर्धं इंटेलच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपमध्ये, असतं."

तेव्हापासून डोकं भणभणतंय. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर माझं म्हणणं असं, की वायफाय चिपसेटमध्ये घालायचं तर अख्खं घाला, नाहीतर हात लावू नका. हा अर्धामुर्धा संसार कुणी मांडला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वायरवाला

स्लॅबला भोक पाडा. घरमालकांना मी समजावतो. (हलके घ्या.)

थोडक्यात

चारशे रुपयांचं यूएसबी डोंगल. विषय संपला.

अर्धवाहक

तंबोराजी, पोरगा हुशार आहे, त्याला चहा पाजा. त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. पत्रिकेत कामं दोन, आधी मजकूर जुळवायचा आणि मग छापायचा. वायफायचंही तसंच. माहितीचे तुकडे पाडायचे, त्यांच्यावर क्रमांक आणि पत्ता घालायचा, कुलूप लावायचं, हवेत दुसरं कुणी बोलत नाही ना ते बघून आपली पाळी धरायची, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. ही झाली जुळवणी. याला मॅक म्हणतात (सफरचंदवाला नव्हे). मग ते सगळं रेडिओलहरींवर चढवून अँटेनातून बाहेर फेकायचं आणि समोरून येणारा क्षीण आवाज टिपायचा. ही छपाई.

जुळवणी म्हणजे निव्वळ आकडेमोड. ट्रान्झिस्टर लहान होत गेले की ती कमी जागेत, कमी विजेत होते. एखाद्या मोठ्या चिपच्या कोपऱ्यात ती फुकटात मावल्यासारखीच असते. छपाईचं तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ती काही कारखाना सुधारला म्हणून आखूड होत नाही. भिंतीपलीकडे पोचायला लागणारी ताकद तेवढीच लागते. चिपवर कोरलेली वेटोळी, म्हणजे इंडक्टर, जवळजवळ तेवढीच जागा खातात, मग ट्रान्झिस्टर कितीही बारीक करा. कागद ए-फोर आहे तोवर छपाईयंत्र ए-फोरपेक्षा लहान होत नाही, तसं. महागड्या, बारीक तंत्राच्या सिलिकॉनवर ही वेटोळी घालणं म्हणजे लक्ष्मी रोडवर जागा घेऊन तिथे कडबा रचणं.

म्हणून इंटेलने वाटणी केली. मॅक, त्याची मेमरी आणि त्याचा छोटा प्रोसेसर चिपसेटमध्ये (किंवा एकाच चिपवर सगळं असेल तर तिथे), आणि नुसता रेडिओ कार्डावर. या व्यवस्थेला सीएनव्हीआय म्हणतात. २०१७ च्या अखेरीस जेमिनी लेक या स्वस्त प्रोसेसरांत ती आली आणि एप्रिल २०१८ मध्ये एच३७०, बी३६० वगैरे चिपसेटांत. गंमत म्हणजे त्याच पिढीचा झेड३७० सहा महिने आधी, जुन्या घडणीवर आला होता, त्यात ती नाही.

तुम्ही फसलात ते खाचेमुळे. खाच तीच ठेवली, एम डॉट टू की ई नावाची. पूर्ण कार्ड त्या खाचेतून पीसीआय एक्स्प्रेस ही सगळ्या बोर्डांना येणारी बोली बोलतं, अर्धं कार्ड स्वतःची खासगी बोली बोलतं. तुमच्या एएमडी बोर्डाला ती बोली येतच नाही. खूणगाठ बांधून ठेवा: एएक्स२००, एएक्स२१०, बीई२०० ही पूर्ण कार्डं. शेवटी १ आला, म्हणजे एएक्स२०१, एएक्स२११, बीई२०१, की अर्धी. त्याआधीच्या ९२६० आणि ९५६० या जोडीत ९५६० अर्धं. आणि सगळी अर्धी कार्डं सगळ्या इंटेल मशीनवरही चालत नाहीत. एएक्स२११ ची बोली एएक्स२०१ पेक्षा नवी आहे.

तंबोरा

अर्धवाहक, साष्टांग. कडब्याचा दाखला आमच्या वडिलांना वाचून दाखवला, ते म्हणाले या माणसाला पुण्यातल्या जागेचे भाव नीट माहीत आहेत.

पण मग मूळ शंका तशीच राहिली. खाच तीच आणि बोली वेगळी, हे गिऱ्हाइकाला कुठे लिहून सांगितलंय? डब्यावर एक ओळ असती तर माझे दोन रविवार वाचले असते.

जुना बाजार

हा सिनेमा आम्ही आधी पाहिलाय.

१९९८ च्या आसपासचे बोर्ड ज्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घरी आणलेत त्यांना आठवेल, कडेला एक बुटकी, तपकिरी खाच असायची. नाव एएमआर, ऑडिओ मोडेम रायझर. कल्पना हीच. मोडेमची आणि आवाजाची आकडेमोड चिपसेट आणि प्रोसेसर करणार, रायझरवर नुसता टेलिफोनच्या तारेशी बोलणारा तुकडा. स्वस्तात मोडेम! पुढे २००० मध्ये सीएनआर नावाची तिची धाकटी बहीण आली. मी त्या काळात शेकड्यांनी मशीनं जुळवली. त्या खाचेत कार्ड बसलेलं मी फारतर चार-पाच वेळा पाहिलं. बाकी सगळीकडे धूळ. गिऱ्हाईक विचारायचं, हे कशाला? आम्ही म्हणायचो, पुढे लागेल.

दुसरा अंक २००४. इंटेलने जूनमध्ये ९१५ चिपसेट काढला, घरातलं नाव ग्रँट्सडेल. त्यात वायफायचा प्रकार येणार म्हणून गाजावाजा. नुसतं जोडणारं वायफाय नाही बरं, तुमचा डेस्कटॉपच घराचा ॲक्सेस पॉइंट होणार. राउटर नको. त्याच वर्षी इंटेलने तो बेत गुंडाळला. आता विचार करा, ॲक्सेस पॉइंट म्हणजे चोवीस तास चालू हवा. आमच्याकडे २००४ मध्ये भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. घरातलं इंटरनेट चालावं म्हणून चारशे वॉटचा डबा रात्रभर घरघरत ठेवायचा? अमेरिकेतही कुणी ठेवला नसता, तिथे तोवर राउटर स्वस्त झाले होते.

पण एक कबूल करतो. आवाज आणि लॅन (वायरचं नेटवर्क) या दोन गोष्टी बोर्डात शिरल्या तेव्हाही आम्ही अशीच नाकं मुरडली होती. आज साउंड कार्ड विकत घेणारा माणूस शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. तेव्हा वायफायही शेवटी पोटात जाणारच, फक्त कधी एवढाच प्रश्न.

अर्धवाहक

जुनेबाजार, लॅनचा दाखला तुम्ही काढलात ते फार बरं झालं. इंटेल बोर्डांवर दिसणारी आय२१९ ही लॅनची चिप बघा. तीसुद्धा अर्धीच आहे! मॅक चिपसेटमध्ये, तारेशी बोलणारा तुकडा बोर्डावर. पण त्याबद्दल कधी कुणी बोंब मारली नाही, कारण ती सोल्डर करूनच येते, चुकीची उचलायची सोयच नाही. म्हणजे दोष अर्धं करण्यात नाही, अर्धा तुकडा सुटा विकण्यात आहे.

पण वायफाय पोटात जाणारच, याला माझा विरोध. आवाज गेल्या वीस वर्षांत फार बदलला नाही. लॅनची गिगाबिट वायर १९९९ पासून तीच. रेडिओ मात्र चार-पाच वर्षांत नवा येतो: २००९ ला ८०२.११एन हे वायफायचं मानक, मग एसी, मग एएक्स, आणि जानेवारी २०२४ पासून वायफाय ७ चं प्रमाणपत्र सुरू झालं. आपल्याकडे ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झना परवानामुक्त करायचा दूरसंचार विभागाचा मसुदा मे २०२५ मध्ये आला, तेव्हा तो पट्टा वापरू शकणारं एएक्स२१० बाजारात येऊन चार वर्षं उलटली होती. दहा वर्षं चालणाऱ्या मशीनमध्ये रेडिओ कायमचा गाडून ठेवला तर तो मशीनआधी म्हातारा होईल.

आणि मंजुरीची भानगड वेगळीच. रेडिओचं मोड्यूल एकदा तपासून मंजूर झालं की अमेरिकेत तेच मोड्यूल पन्नास लॅपटॉपांत घालता येतं. रेडिओ चिपसेटमध्ये नेलात तर अँटेनापर्यंतची वाट बोर्डाबोर्डाला बदलणार, मग प्रत्येक बोर्ड नव्याने तपासा. कोण करेल हा उद्योग?

अख्खा रेडिओ प्रोसेसरशेजारी बसवता येतच नाही असं मात्र नाही. २०१२ मध्ये इंटेलनेच रोझपॉइंट नावाची चिप परिषदेत दाखवली होती, ॲटम प्रोसेसरचे दोन गाभे आणि वायफायचा रेडिओ एकाच सिलिकॉनवर. प्रयोगशाळेत चाललं. दुकानात मी कधी पाहिलं नाही. प्रोसेसर म्हणजे शेजारच्या खोलीत चाललेलं लग्नाचं बँडपथक, आणि रेडिओला त्यातून कुजबूज ऐकायची असते.

पेंग्विनप्रेमी

अर्धवाहक, मग ईएसपी३२ काय आहे? तीनशे-चारशे रुपयांच्या तुकड्यात प्रोसेसर, वायफाय, ब्लूटूथ सगळं. माझ्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते तोच सांगतो.

अर्धवाहक

बरोबर पकडलंत. तो ४० नॅनोमीटरच्या जुन्या, स्वस्त तंत्रावर बनतो, एकाच अँटेनावर चालतो, आणि त्याच्यातला प्रोसेसर म्हणजे बँडपथक नव्हे, एकटा पिपाणीवाला. टाकीची पातळी सांगायला तेवढं पुष्कळ. उलट ॲपलकडे बघा. प्रोसेसर त्यांचा, फोन त्यांचा, बांधकाम सगळं एकाच छपराखाली. तरी २०२५ च्या आयफोनमध्ये त्यांनी वायफायसाठी एन१ ही स्वतंत्र चिपच काढली. ज्यांना कुणी अडवणारं नाही तेही वेगळी चूल मांडतात, यावरून काय ते समजा.

जांभा

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका शाळेची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. बावीस मशीनं, निम्मी माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. तुमची चर्चा वाचताना सारखं वाटत होतं, की वायफाय नको असलेली माणसंही जगात आहेत हे कुणाच्या ध्यानातच नाही.

आमच्या भिंती जांभ्याच्या, फूट-दीड फूट जाड. पावसात ओल धरली की शेजारच्या वर्गातलं वायफाय मेल्यात जमा. त्यामुळे लॅबला वायरच. आणि परीक्षेच्या दिवशी तर मला वायफाय असलेलंच नकोय. बायोसमध्ये बंद करता येतं, मान्य. पण आमची पोरं बायोसमध्ये माझ्याआधी पोचतात. पासवर्ड ठेवला तर तो पुसायला बोर्डावरचा सेल काढतात. (हे मी कौतुकाने सांगतेय की तक्रार म्हणून, माझं मलाच कळत नाही.)

तर तंबोराजी, तुम्ही ज्याला शिव्या घालताय ते अर्धं कार्डच मला आवडलं! दिलेल्या मशीनांपैकी सहांत ते निघालं. स्क्रू काढला, कार्ड कपाटात. आता चिपसेटमध्ये उरलेली अर्धी बाजू काय करणार? तिला तोंडच नाही. अख्खं वायफाय चिपसेटमध्ये असतं तर मी काय करवत लावणार होते?

वायरवाला

जांभाताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो.

गंभीरपणे एक भर. बँका, कारखाने, सरकारी कचेऱ्या यांच्या काही निविदांत "वायरलेस नसलेला डेस्कटॉप" असं स्पष्ट लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. तिथे तपासणी करणारा साहेब बायोसची सेटिंग बघत बसत नाही. तो मागची बाजू बघतो, अँटेनाची पितळी तोंडं दिसली की मशीन परत. म्हणजे सुटं असणं ही काही ठिकाणी चैन नसून अट आहे.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सवाल्यांची बाजूही ऐका. इतर बाबतीत इंटेलला मी काहीही बोलेन, पण वायफायचे ड्रायव्हर त्यांनी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, दिले. अर्धं कार्ड असो की पूर्ण, आयडब्ल्यूएल-वायफाय हा एकच ड्रायव्हर. फक्त कर्नल जुना नको, एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढचा लागतो. जुनेबाजारांच्या त्या एएमआर मोडेमांनी आम्हाला जो छळ दिला तो वेगळा, त्यांची सगळी अक्कल विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये होती. लिनक्सवर ते म्हणजे शोभेचं पितळ.

माझी भीती दुसरीच आहे. २००३ च्या मार्चमध्ये सेंट्रिनो आलं. पेंटियम एम प्रोसेसर, ८५५ चिपसेट आणि इंटेलचंच वायफाय कार्ड, तिन्ही घेतलं तरच लॅपटॉपवर सेंट्रिनोचा शिक्का. तेव्हा इंटेलचं कार्ड होतं जुनं ८०२.११बी, ११ मेगाबिटचं. दुसऱ्यांची ८०२.११जी कार्डं त्याच्या पाचपट वेगाची. पण चांगलं कार्ड घातलं की शिक्का गेला! मग कंपन्यांनी काय केलं असेल, सांगायला नको. चिपसेट आणि वायफाय एकाच दुकानात बांधलं की हे होतं. तेव्हा निदान फक्त शिक्का जायचा, कार्ड चालायचं तरी. आता बोलीच बांधून टाकली.

थोडक्यात

शिक्का बघून लॅपटॉप कोण घेतं?

जुना बाजार

थोडक्यात, २००३ मध्ये सगळे घ्यायचे. आमच्याकडे लोक "सेंट्रिनो आहे का" असंच विचारत यायचे, प्रोसेसरचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. आणि वायफाय म्हणजे काय हे देशातल्या दहा घरांनाही माहीत नव्हतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला तोच मुळी जानेवारी २००५ मध्ये.

एक मात्र आहे पेंग्विनराव. त्या शिक्क्यामुळेच लॅपटॉपमध्ये वायफाय असणं हा नेम झाला. त्याआधी पीसीएमसीआयए कार्ड बाजूने जिभेसारखं बाहेर काढून बसावं लागायचं. बांधून दिल्याशिवाय काही गोष्टी पसरत नाहीत.

पेंग्विनप्रेमी

हे पटलं, पण पूर्ण नाही. पसरून झाल्यावर दोर सोडायचा असतो ना.

तंबोरा

डोंगलचं विसरलोच होतो. थोडक्यात यांच्या सल्ल्यावरून भाच्याचं डोंगल आणून लावलं. मागच्या यूएसबीला चाललं, पण त्याच्या शेजारी पत्रकांची पोर्टेबल हार्डडिस्क लावली की वेग एकदम झोपतो. डिस्क काढली की पुन्हा जागा. भुताटकी?

अर्धवाहक

भूत नाही, यूएसबी ३. त्याच्या ५ गिगाबिटच्या वाहतुकीतून जो कचरा उडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. बिनतारी माउस अडखळतो तोही याचमुळे. डोंगलला हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डिस्कपासून लांब न्या, किंवा राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर जोडा, डोंगलला तो येत असेल तर.

तरी माझा सल्ला, एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२२ घ्या. दुसरं एएमडीच्या लॅपटॉपांत आरझेड६१६ या नावाने येतं. एएमडीने मॅक चिपसेटात घालायच्या भानगडीत न पडता मीडियाटेकशी सोयरीक केली. माझ्या मते शहाणपण केलं, पण मी रेडिओवाला, माझं मत तुम्ही पारखून घ्या.

आणि हो, विंडोज ११ कोरं टाकायची वेळ आली तर ते सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि नव्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याकडे बरेचदा नसतो. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला मिळतं. कार्ड अर्धं असो वा पूर्ण, ही अडचण सगळ्यांना सारखीच.

जांभा

हे टेदरिंगचं मला आधी कुणी का सांगितलं नाही? दिवाळीच्या सुट्टीत चार मशीनं त्या पडद्यावर अडकवून ठेवली होती मी. वाचनखूण साठवली.

तंबोरा

अपडेट देतो. एएक्स२१० घेतलं. बसवलं, विंडोजने लगेच ओळखलं, ब्लूटूथही आलं. आनंदाने पेढे आणायला निघणार तोच सिग्नल पाहिला, राउटर दिसतच नाही. फक्त शेजारच्या सलूनचं वायफाय, तेही एक काडी. दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. तो कार्ड बघून हसायलाच लागला. मी अँटेना लावलीच नव्हती. बोर्ड वायफायविना विकलेला, मग त्याच्याबरोबर अँटेना कुठून येणार? आणि कार्डाच्या पाकिटात त्या नसतात हे मला काय ठाऊक! त्याने एका मेलेल्या लॅपटॉपच्या झाकणातून दोन पट्ट्या काढल्या, पण त्यांची टोकं जुन्या मापाची, मोठी. या कार्डाची टोकं तिळाएवढी. शेवटी नवी जोडी मागवली, पाठीमागे दोन दांड्या बाहेर आल्या, आणि आता स्लॅबखालीही तीन काड्या मिळतात. काम चालतंय.

ते एएक्स२०१ त्या पोरालाच देऊन टाकलं. त्याने दहाव्या पिढीच्या कुठल्यातरी इंटेल लॅपटॉपला लावलं, पहिल्या फटक्यात चाललं म्हणे. त्या लॅपटॉपच्या मालकाकडून त्याने किती घेतले ते मी विचारलं नाही.

वायरवाला

म्हणजे भोक राहिलंच तर.

तंबोरा

वायरवाले, त्याचंच सांगतो. काल घरमालक स्वतः दुकानात आले. नातवाचा ऑनलाइन क्लास वायफायवर सारखा अडकतो म्हणे. विचारत होते, ते भोक तुम्ही नक्की कुठून पाडणार होतात, आणि आमच्या बाजूनेही एक वायर जाईल का? तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) पाठवा.